शिपायाचे वेतन आणि राज्यसत्ता : रोम व दख्खन

रोमन लोकांचे राजकारण आणि त्यांचे लष्कर या दोन स्वतंत्र गोष्टी मानून त्यांचा अभ्यास करणे सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे, कारण रोममध्ये मतदार आणि शिपाई ही मुळात एकच व्यक्ती होती, आणि पुढे ती एक राहिली नाही तेव्हा शिपायाच्या पोटाची सोय कोणी करायची या प्रश्नावरच तेथील जुनी राज्यव्यवस्था मोडली व नवी उभी राहिली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा पोटाचा प्रश्न आहे. मंद्रूपसारख्या दक्षिण सोलापुरातील गावी तो मांडण्याला दोन कारणे आहेत. ज्या नाण्यांत रोमन शिपायाचा पगार मोजला जाई ती नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरून दख्खनच्या व्यापारात येत होती, आणि त्या व्यापाराची एक मोठी पेठ, तेर, सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी आहे. शिवाय शिपायाला जमीन द्यावी की रोकड, हा वाद भीमाकाठच्या इतिहासालाही परका नाही. सीना-भीमेच्या संगमावरील हत्तरसंग कुडलच्या शके ९४० च्या मराठी शिलालेखामुळे या परिसराचा इतिहास अकराव्या शतकापासून सांगण्याची सवय पडली आहे. येथे त्याच्याही मागे हजार वर्षे जावे लागेल.

प्रजासत्ताक काळातील रोममध्ये, म्हणजे राजे घालवून दिल्यानंतर आणि सम्राट येण्यापूर्वी, राज्याचे सर्वोच्च अधिकारी म्हणून दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात; तेच युद्धात सेनापती होत आणि दोघांनाही परस्परांचा निर्णय रोखण्याचा अधिकार असे. त्यांना निवडणारी लोकसभा सेनेच्या घडणीवर बेतलेली होती. तिची बैठक शहराच्या पवित्र सीमेबाहेर, युद्धदेवता मार्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानात भरे, कारण शस्त्रधारी समुदायाने सीमेच्या आत जमणे निषिद्ध होते; आणि मतदान माणशी नसून शतकवार, म्हणजे ‘सेंच्युरी’ नावाच्या गटांनुसार होई. असे १९३ गट होते. घोडा बाळगू शकणाऱ्या श्रीमंतांचे १८ आणि पूर्ण चिलखत स्वतःच्या खर्चाने आणू शकणाऱ्या पहिल्या वर्गाचे ८० मिळून ९८ गट होत, म्हणजे बहुमत तेथेच पुरे होई; ज्याच्याकडे काहीच मालमत्ता नाही अशा सगळ्या गोरगरिबांना मिळून एकच गट आणि एकच मत होते. आजच्या लोकशाहीच्या मापाने हा उघड अन्याय दिसतो, परंतु त्यामागचा हिशेब साधा होता: जो आपल्या शेतीच्या उत्पन्नातून ढाल-तलवार घेऊन येतो त्याने युद्ध करायचे की नाही हे ठरवावे, आणि ज्याला शस्त्रच परवडत नाही त्याला सेनेतही घेऊ नये. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवल्याप्रमाणे दहा वर्षांची लष्करी चाकरी झाल्याखेरीज कोणाला राजकीय पदाची निवडणूकही लढवता येत नसे.

ही व्यवस्था जवळपासच्या गावांशी उन्हाळ्यात लढून सुगीला घरी परतण्याजोगी होती. स्पेन, आफ्रिका आणि ग्रीस येथील मोहिमा वर्षानुवर्षे चालू लागल्यावर शेतकरी-शिपायाचे शेत पडीक पडू लागले आणि त्या जमिनी मोठ्या जमीनदारांच्या व त्यांच्या गुलामांच्या हाती गेल्या. या प्रक्रियेचा वेग आणि व्याप्ती यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण तक्रार खरी होती एवढे निश्चित. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या लोकप्रतिनिधीने सरकारी जमिनीचे फेरवाटप करण्याचा कायदा आणला आणि त्यापायी त्याचा खून झाला. इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या कॉन्सलने मालमत्तेची अट बाजूला ठेवून भूमिहीनांना सेनेत भरती केले. त्याने एका फटक्यात सेना बदलली ही जुनी समजूत आता फारशी मानली जात नाही, कारण ती अट आधीपासूनच सैल होत आली होती. मात्र ज्याच्या घरी परत जायला शेत नाही अशा शिपायाला निवृत्तीनंतर जमीन कोण देणार हा प्रश्न त्यानंतर टाळता आला नाही. सिनेटने, म्हणजे माजी अधिकाऱ्यांच्या त्या ज्येष्ठ सभेने, ही जबाबदारी राज्याची म्हणून उचलली असती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. ती उचलली गेली नाही, आणि शिपायाने आपल्या सेनापतीकडे पाहायला सुरुवात केली. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने रोमन सेना घेऊन खुद्द रोमवर चाल केली, इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने तेच केले. इ.स.पू. ४२ मधील फिलिपीच्या विजयानंतर शिपायांना जमिनी देण्यासाठी इटलीतील १८ नगरांची शेती काढून घेण्यास सुरुवात झाली, म्हणजे नागरिकांच्या सेनेने नागरिकांचीच शेते लुटीसारखी वाटून घेतली.

मराठी वाचकाला या वळणाचा अर्थ समजायला फार दूर जावे लागत नाही. शिवाजी महाराजांच्या सेनाव्यवस्थेचे जे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने केले आहे त्यात शिपायाला आणि सरदाराला मुलूख तोडून न देता खजिन्यातून वेतन देण्यावर भर आहे, आणि त्यामागे सरदाराची मुळे जमिनीत रुजून तो राज्याला डोईजड होऊ नये हा विचार स्पष्ट आहे. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ माचणूरच्या ब्रह्मपुरीला भीमेच्या काठी पडून होती, त्याच सुमारास राजाराम महाराजांना मात्र वतने आणि सरंजाम, म्हणजे सैन्य पोसण्यासाठी नेमून दिलेला मुलूख, सढळ हाताने द्यावे लागले, कारण खजिना रिकामा होता आणि मोगलही त्याच आमिषाने सरदार फोडत होते. तो निर्णय चुकीचा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याशिवाय राज्य तगले नसते. पण त्याची किंमत पुढच्या शतकात चुकवावी लागली, आणि वतनांच्या धोक्याविषयी ‘आज्ञापत्र’ या मराठी राजनीतिग्रंथात जो कडक इशारा आहे तो या अनुभवातून आलेला आहे.

रोममध्ये उलट दिशेने प्रवास झाला: जमिनीकडून रोकडीकडे. इ.स.पू. ३१ च्या आक्टियमच्या लढाईनंतर पुढे सम्राट झालेल्या ऑगस्टसच्या हाती साठाच्या आसपास लीजन होत्या. लीजन म्हणजे सुमारे ५,००० पायदळाची पलटण. त्याने त्या २८ वर आणल्या आणि मोकळ्या झालेल्या शिपायांना जमिनी दिल्या, पण या वेळी जमीन हिसकावून न घेता विकत घेऊन. इटलीतील जमिनींसाठी सुमारे ६० कोटी आणि प्रांतांतील जमिनींसाठी सुमारे २६ कोटी सेस्टर्स खर्च केल्याचा हिशेब त्याने स्वतःच्या कारकिर्दीच्या शिलालेखात नोंदवला आहे. सेस्टर्स हे हिशेबाचे नाणे. असे चार सेस्टर्स म्हणजे एक दिनारियस, आणि दिनारियस हे चांदीचे नाणे शिपायाच्या हातात पडे. इ.स. ६ मध्ये त्याने स्वतंत्र लष्करी खजिना स्थापला, त्यात आपल्या पदरचे १७ कोटी सेस्टर्स घातले, आणि तो चालू राहावा म्हणून वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर पाच टक्के व लिलावातील विक्रीवर एक टक्का कर बसवला. वारसाकराविरुद्ध सिनेटरांनी बरीच कुरकूर केली, आणि ती साहजिक होती: आतापर्यंत शिपायाचे ओझे सेनापतीवर होते, ते प्रथमच श्रीमंत नागरिकाच्या मृत्युपत्रावर आले. लीजनच्या शिपायाला वीस वर्षांच्या चाकरीनंतर १२,००० सेस्टर्स देण्याचे ठरले. सम्राटशाही ही एका महत्त्वाकांक्षी माणसाची करामत मानली जाते, पण तिच्या मुळाशी हा वेतनाचा खातेबंद बंदोबस्त आहे.

तो बंदोबस्त कागदावर जितका चोख होता तितका छावणीत नव्हता. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्याची बातमी पोहोचताच डॅन्यूबकडच्या पॅनोनिया प्रांतातील तीन लीजननी बंड केले, आणि तॅसिटसने त्यांच्या तक्रारी तपशिलाने दिल्या आहेत. दिवसाला दहा ‘आस’ एवढीच जिवाची किंमत, असे ते म्हणत. आस हे तांब्याचे नाणे, सोळा आस म्हणजे एक दिनारियस, आणि लष्करी हिशेबाच्या ३६० दिवसांनी गुणले तर हे वर्षाला बरोबर २२५ दिनारियस होतात, म्हणजे सीझरने ठरवून दिलेला दर. त्यातूनच कपडे, शस्त्रे आणि तंबू यांचे पैसे कापले जात, आणि मार चुकवायचा किंवा कामातून सूट मिळवायची तर ऐंशीएक माणसांवरच्या सेंच्युरियन नावाच्या अधिकाऱ्याला चिरीमिरी द्यावी लागे. ल्यूसिलियस नावाच्या एका सेंच्युरियनला शिपायांनी ‘दुसरी आण’ असे टोपणनाव दिले होते, कारण शिपायाच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडली की तो ओरडून दुसरी मागे, आणि तीही मोडली की तिसरी. बंडात त्याला ठार मारण्यात आले. निवृत्तीची मुदत उलटून गेलेले म्हातारे शिपाई आपल्याला जमिनीच्या नावाखाली दलदल किंवा डोंगरउतार मिळतो असे सांगत होते. नव्या सम्राटाने, टायबेरियसने, आपला मुलगा ड्रूसस याला पाठवले. त्याच रात्री चंद्रग्रहण लागले, शिपाई घाबरले, आणि ती भीती ओसरण्यापूर्वी पुढाऱ्यांना टिपून बंड मोडण्यात आले. ऱ्हाइनकडच्या सेनेच्या बंडात चाकरीची वर्षे कमी करण्याची सवलत मात्र द्यावी लागली, पण ती पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली.

हाच टायबेरियस दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांवर सर्वांत जास्त वेळा दिसणाऱ्या दोन सम्राटांपैकी एक आहे, दुसरा ऑगस्टस. टायबेरियसच्या नेहमीच्या दिनारियसवर एका बाजूस पानांचा मुकुट घातलेले उजवीकडे पाहणारे त्याचे मस्तक असून भोवतीच्या लेखात तो दिवंगत आणि देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र असल्याचे म्हटले आहे, तर मागे आसनावर बसलेली, एका हातात दंड आणि दुसऱ्या हातात डहाळी धरलेली स्त्री असून तिच्याभोवती सम्राट हा मुख्य पुरोहितही असल्याचा उल्लेख आहे. ऑगस्टसच्या ज्या नाण्याचे सर्वाधिक नमुने भारतात मिळतात त्यावर मागील बाजूस त्याचे नातू आणि दत्तक पुत्र गायस व ल्यूशियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत. ते नाणे म्हणजे वारसाची दवंडी होती. प्रत्यक्षात ल्यूशियस इ.स. २ मध्ये आणि गायस इ.स. ४ मध्ये वारला, राज्य टायबेरियसकडे गेले, आणि तरीही ही दवंडी हिंदी महासागरापलीकडच्या सावकारांच्या हाती फिरत राहिली. वर्तमानपत्र नसलेल्या जगात नव्या सम्राटाची ओळख शिपायाला पगाराच्या दिवशी होत असे, आणि म्हणूनच नाण्यावरील चेहऱ्याला पावित्र्य होते. टायबेरियसच्या काळात ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे किंवा अंगठी शौचालयात नेल्यावरूनही माणसावर राजद्रोहाचा खटला होऊ शके, असे स्वेटोनियस सांगतो. तमिळनाडूत पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये मिळालेल्या ५०१ रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव घातलेला आहे. तो द्वेषातून नसावा. हे चलन म्हणून पुन्हा फिरू नये, यापुढे केवळ सोने म्हणून तोलले जावे, एवढाच त्याचा हेतू संभवतो. रोममध्ये ज्या कृत्यासाठी डोके गेले असते ते येथे सराफाच्या दुकानातले नेहमीचे काम होते.

दख्खनकडे येणाऱ्या मालाचा मार्ग ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशी-पुस्तिकेत दिला आहे: बारिगाझा, म्हणजे भडोच, तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीटने १९०१ मध्ये दाखवून दिले. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला जाई, आणि रोमन सोन्या-चांदीची नाणी तेथे उतरवून स्थानिक चलनाशी बदलली तर नफा होतो असे ही पुस्तिका नमूद करते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली सापडली. देवाणघेवाणीचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. तेरसह दख्खनच्या अनेक ठिकाणी रोमन नाण्यांवरून घडवलेली, वर ओवण्यासाठी जागा ठेवलेली मातीची पदके मिळाली आहेत. ज्यांना चांदीचे नाणे परवडत नव्हते त्यांनी मातीचा सम्राट गळ्यात घातला. त्यांना तो कोण होता हे कळण्याचे कारण नव्हते.

या व्यापारात भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली, आणि ती इतक्या वेळा उद्धृत झाली आहे की तिचा हिशेब तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. शिपायाचे वार्षिक वेतन ९०० सेस्टर्स धरले तर पाच कोटींत सुमारे ५५ हजार शिपायांचा, म्हणजे दहा-अकरा लीजनचा पगार होतो, आणि त्या वेळी साम्राज्यात तीसच्या आत-बाहेर लीजन होत्या. आकडा प्रचंड आहे. पण पूर्वेकडून ईजिप्तमार्गे येणाऱ्या मालावर चौथा हिस्सा जकात घेतली जात होती, आणि मालाची अलेक्झांड्रियातील किंमत भडोचच्या किमतीच्या कितीतरी पट असल्याने खजिन्यात परत येणारी रक्कम क्षुल्लक असणे शक्य नाही. भारतातील मुझिरिस बंदराहून आलेल्या हर्मापोलॉन या एकाच जहाजावरील मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या घरात जात असल्याचे दुसऱ्या शतकातील एका पपायरसवरून दिसते. प्लिनी स्वतः नौदलाचा अधिकारी होता, त्याचा पगारही याच खजिन्यातून निघत असे. तरी त्याने खर्चाची बाजू लिहिली आणि जमेची सोडून दिली. नीतिमान लेखकांचे हिशेब पुष्कळदा असेच असतात. तेरच्या विणकराचे कापड ऱ्हाइनकाठच्या पहारेकऱ्याच्या पगाराला हातभार लावत होते, असे म्हणण्यास त्यामुळे हरकत नसावी.

सेनेला पैसा देणाऱ्याच्या हाती राज्य, हे एकदा उघड झाल्यावर ते झाकून ठेवणे शक्य नव्हते. इ.स. ६९ या एका वर्षात गाल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन असे चार सम्राट झाले. गाल्बाने आपल्या रक्षकांना कबूल केलेली बक्षिसी नाकारली, आणि ती त्याला महागात पडली. इ.स. १९३ मध्ये सम्राटाच्या रक्षकदळाने गादीचा लिलावच पुकारला. माणशी २५,००० सेस्टर्स देऊन ती घेणारा डिडियस ज्यूलियानस ६६ दिवस टिकला. या उलाढालीत जुन्या नाण्यांवर नव्या सत्तेचा ठसा मारण्याची रीतही दिसते: व्हेस्पेशियनच्या पक्षाने एफेसस येथे अँटनीसारख्या पूर्वीच्या सत्ताधीशांच्या जुन्या दिनारियसवर आपल्या नावाचे छोटे ठसे उमटवले.

त्याच कृतीचे याहून भव्य उदाहरण महाराष्ट्रातले आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ही नाणी मुळात चेहऱ्याची असून त्यांवर ग्रीक लिपीतील लेखही आहे. या दोन राजसत्तांमधील लढ्याची झळ रोमन व्यापारालाही लागलेली दिसते, कारण कल्याणला चुकून गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे पेरिप्लस सांगतो. पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांनी स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. यज्ञश्रीचे असे एक नाणे भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. तथापि या नाण्यांनी सेनेचा पगार दिला जात होता असे कोठे दिसत नाही. बेल्लारीजवळच्या म्याकडोनीच्या लेखात पुळुमावी नावाच्या राजाच्या काळी एक प्रदेश महासेनापती स्कंदनागाचा आणि त्यातील एक गाव त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे असल्याचे म्हटले आहे, म्हणजे सेनापतीला मुलूख नेमून देण्याची दख्खनची रीत सरंजामापेक्षा बरीच जुनी ठरते.

आणि विजयानंतर जिंकलेल्या जमिनीचे काय झाले, याचेही एक प्रकरण पुरेशा तपशिलाने उपलब्ध आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील लेखानुसार राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवली, की पश्चिम कखडी गावातील, आजवर नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे. निवर्तन हे जमिनीचे माप. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदारांनी त्यात हात घालू नये, असेही आज्ञेत आहे. फिलिपीनंतर इटलीत जी जमीन निवृत्त शिपायांकडे गेली असती ती येथे छावणीतूनच निघालेल्या आज्ञेने लष्कराच्या वाटेबाहेर ठेवली गेली. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजाची आणि राजमातेची दुसरी आज्ञा त्याच भिंतीवर कोरण्यात आली: कखडीचे शेत कसले जात नाही, गाव ओस पडले आहे, तेव्हा त्याच्या बदल्यात नगराच्या सीमेवरील सरकारी शेतातली १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत, आणि आधीच्या सगळ्या सवलती तिलाही लागू कराव्यात.